चार शून्यांची ओळख

२००५-०६ च्या सुमाराला कॉलेजच्या कट्ट्यावर ज्यांनी एकमेकांच्या फोनमधून ब्लूटूथने गाणी घेतली, त्यांना हा संवाद आठवत असेल. ‘कोड काय टाकू?’ ‘टाक ना, शून्य शून्य शून्य शून्य.’ फार तर १२३४. गाणं यायला दोन-तीन मिनिटं लागायची, फोन एकमेकांना चिकटवून धरायचे. त्या चार शून्यांवरच दोन्ही फोनमधल्या संवादाचं कुलूप बेतलेलं असतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

ब्लूटूथची सुरुवात १९९४ साली स्वीडनमधल्या लुंड इथे, एरिक्सन कंपनीत झाली. नाव डेन्मार्कच्या एका जुन्या राजाचं, काम मात्र साधं: वायर नको. पेअरिंग म्हणजे दोन उपकरणांची पहिली ओळख. तेव्हा ठरलेल्या किल्लीवर, म्हणजे गुप्त आकड्यावर, पुढचा सगळा विश्वास. मूळ नियमांत पिन १६ अक्षरांपर्यंत चालत होता, पण हेडसेटला बटणं कुठली? त्यामुळे कारखान्यातच ०००० घालून द्यायची पद्धत पडली. २००५ मध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या शाकेद आणि वूल या संशोधकांनी दाखवलं, की पेअरिंग चालू असताना हवेतली देवाणघेवाण टिपली, तर चार अंकी पिन पेंटियम-४ संगणकावर ०.०६ सेकंदात सापडतो.

त्याआधीचा किस्सा अधिक बोलका आहे. २००३ च्या अखेरीस सुरक्षा संशोधक अ‍ॅडम लॉरी यांनी ‘ब्लूस्नार्फिंग’ उघडकीस आणलं. व्हिजिटिंग कार्ड पाठवायची एक सोय फोनमध्ये असे आणि अनोळखी माणसानेही कार्ड द्यावं, म्हणून तिथे पेअरिंगची अट नसे. काही नोकिया आणि सोनी एरिक्सन फोनमध्ये त्याच खिडकीतून फाइलचं नाव सांगून अख्खी फोनबुक मागता येत होती. फोन ती निमूट देऊन टाकी, मालकाला पत्ताही नाही.

२००४ मधला ‘कॅबिर’ हा सिम्बियन प्रणालीच्या फोनवरचा, एका फोनमधून दुसऱ्यात पसरणारा किडा तर चक्क परवानगी मागून शिरायचा. ‘नाही’ म्हटलं की पुन्हा विचारायचा. तो फोन जवळ आहे तोवर विचारतच राहायचा. माणूस वैतागून ‘हो’ दाबे. पुढच्या वर्षी हेलसिंकीतल्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत, भर स्टेडियमच्या गर्दीत तो पसरला.

२००७ मध्ये नवी पेअरिंग आली. दोन्ही पडद्यांवर सहा आकडे दिसतात, ते जुळतात का एवढंच बघायचं. (आपण बघतो का? मी तरी सरळ ‘पेअर’ दाबतो.) पडदा नसलेल्या हेडफोनसाठी मात्र आकड्यांविना जोडणी ठेवावीच लागली. समोरचा खरंच आपलाच हेडफोन आहे का, याची खातरजमा तिच्यात नाही.

सगळ्यांना सांभाळून घ्यायचं हे धोरण पुढेही नडलं. किल्लीची लांबी दोन उपकरणांनी आपसात ठरवायची, १ ते १६ बाइट, ही सवलत नियमांत होती. कारण एन्क्रिप्शनबाबत, म्हणजे माहिती कुलूपबंद करण्याबाबत, देशोदेशीचे कायदे वेगळे होते. २०१९ मध्ये संशोधकांच्या ‘नॉब’ नावाच्या हल्ल्याने दाखवलं, की तिसरा कुणी मध्ये घुसून दोघांना १ बाइटवर राजी करू शकतो. मग किल्ल्या उरतात २५६. त्यानंतर किमान ७ बाइटचा आग्रह धरला गेला.

पेअरिंग न करताही माग निघतो, ही वेगळी बाजू. ब्लूटूथ चालू असलेल्या उपकरणाचा पत्ता, म्हणजे त्याचा ओळखक्रमांक, कायम तोच राहिला, तर दुकानातल्या रिसीव्हरला तुम्ही काल आलेलात हे कळतं. म्हणून नव्या फोनमध्ये हा पत्ता थोड्या थोड्या वेळाने बदलतो. उलट, आसपासच्या बीकनवरून (एका जागी बसवलेली, सतत ब्लूटूथ खूण पाठवणारी छोटी यंत्रं) अ‍ॅपला तुमचा ठावठिकाणा काढता येतो. त्यामुळेच २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ब्लूटूथ शोधाला लोकेशनची परवानगी लागू लागली. साधं फिटनेस बँड जोडताना लोकेशन कशाला, म्हणून लोक चिडत, ते यासाठी. २०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्ये ‘जवळपासची डिव्हाइस’ अशी स्वतंत्र परवानगी आली. भाड्याच्या गाडीला फोन जोडून ‘काँटॅक्ट घेऊ का?’ला हो म्हटलं, तर ती यादी गाडीत मागे राहू शकते, हा धोका तर कुठल्याच हल्लेखोराविना.

२०२३ च्या डिसेंबरात सुरक्षा संशोधक मार्क न्यूलिन यांनी आणखी एक भोक दाखवलं. खोटा कीबोर्ड मालकाच्या होकाराशिवाय फोनशी जोडला जाई आणि स्वतःच टाइप करू लागे. अँड्रॉइड ४.२.२ पासूनचे फोन त्यात सापडत होते. दुरुस्ती आली ती ११ ते १४ साठी. १० आणि त्याआधीच्यांना ती मिळालीच नाही.