टाच बाहेर: पेडल, क्लीट आणि पाय

क्लिपलेस पेडल, म्हणजे बूट अडकवून धरणारं पेडल, वापरणारे बहुतेक जण पहिल्यांदा पडतात तेव्हा त्यांचा वेग शून्य असतो. मीही तसाच पडलो. सायकल थांबत आली होती, उजवा पाय मोकळा करून ठेवला होता आणि तोल गेला डावीकडे. पाय सुटायला डावी टाच बाहेर वळवायची हे पक्कं ठाऊक होतं, पण तोल जाताना शिकवलेलं सगळं विसरतं आणि पाय आपोआप सरळ वर उचलला जातो. नेमक्या ह्याच हालचालीला हे पेडल दाद देत नाही. कोपर खरचटलं ते दोन दिवसांत बरं झालं; आजूबाजूला उभ्या असलेल्यांचे चेहरे मात्र अजून आठवतात.

नावापासूनच घोटाळा आहे. ज्यात बूट खटकन अडकतो त्याला ‘क्लिपलेस’ का म्हणायचं? कारण आधीच्या पेडलांना पुढे धातूची टो-क्लिप असायची, चवडा तिच्यात सरकवायचा आणि वरून चामडी पट्टा आवळायचा. नव्या पेडलात ती क्लिप नाही, म्हणून ते क्लिपलेस. पट्ट्याची अडचण उघड होती: घट्ट आवळला तर पाय सुटत नाही, आणि सुटावा म्हणून सैल ठेवला तर तो असून नसल्यासारखा. ‘लूक’ ह्या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये ह्यावर तोडगा बाजारात आणला. ही कंपनी मुळात स्कीची बाइंडिंग बनवणारी. उतारावर बूट स्कीला पक्का धरायचा, पण माणूस पडून पाय पिरगळायला लागला की मोडण्याआधी सोडायचा, हे त्यांचं रोजचं काम. तीच युक्ती त्यांनी पेडलात आणली आणि १९८५ मध्ये फ्रेंच सायकलपटू बर्नार इनो ती वापरून टूर द फ्रान्स जिंकला. पुढच्या काही वर्षांत शर्यतींतून पट्टे जवळपास नाहीसे झाले.

युक्ती साधी आहे. बुटाच्या तळाला क्लीट नावाचा छोटा तुकडा बोल्टने बसवलेला असतो. त्याचं पुढचं टोक पेडलाच्या पुढच्या ओठाखाली घालायचं आणि चवडा खाली दाबायचा. मागची स्प्रिंग क्षणभर उघडते आणि ‘खट्’ करून मिटते. आता पाय वर ओढा, मागे ओढा, पुढे रेटा, काही होत नाही, कारण ह्या दिशांना क्लीटच्या कडा स्प्रिंगच्या जबड्याला उघडूच देत नाहीत. टाच बाहेर वळवली की मात्र क्लीटची तिरपी कड पाचरीसारखी जबड्यात घुसते आणि तो उघडतो. पेडल मारताना पाय सगळ्या दिशांना जोर लावतो, फक्त टाच एवढी बाहेर फेकत नाही. म्हणून सुटकेसाठी तीच एक दिशा राखून ठेवली आहे.

पाय पेडलाला जोडला की वर येतानाही पेडल ओढता येतं आणि दुप्पट ताकद मिळते, असं बहुतेकांना सांगितलं जातं. मलाही सांगितलं होतं. घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा. पाय बारावरून निघतो, खरा जोर साधारण दोन ते चारच्या दरम्यान लागतो, सहाला पोचेपर्यंत दाब नुसता खाली जातो आणि त्यातून काही फिरत नाही. सहा ते बारा ह्या परतीच्या वाटेवर, जोर मोजणाऱ्या पेडलांवर पाहिलं तर, निवांत लयीत सायकल मारणाऱ्या चांगल्या स्वारांचेही पाय पेडलावर किंचित ओझंच टाकत असतात. वर येणारा पाय खाली जाणाऱ्या पायाच्या जिवावर वर येतो. मुद्दाम ओढायला सांगितलं तर? २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ते करून पाहिलं. पेडलावरचा जोर जास्त योग्य दिशेला लागला खरा, पण तेवढ्याच कामाला शरीराने जास्त ऊर्जा खर्च केली. पाय उचलणारे स्नायू मांडीच्या पुढच्या स्नायूंपुढे लहान असतात, त्यांना दिवसभर राबवणं महागात पडतं.

मग क्लीट हवी कशाला? पाय जागेवर ठेवायला. मिनिटाला ९० फेऱ्यांनी तासाभरात एक पाय ५,४०० वेळा फिरतो. प्रत्येक फेरीत चवडा त्याच बिंदूवर राहिला, ओल्या पेडलावरून घसरला नाही, वेगात किंवा उभं राहून मारताना निसटला नाही, तर मन पायाकडून रस्त्याकडे वळवता येतं. पण ह्याचाच दुसरा अर्थ असा की जागा चुकली असेल तर तीच चूक ५,४०० वेळा होते. म्हणून पेडल कोणत्या कंपनीचं ह्यापेक्षा क्लीट कुठे बसवली, ह्यात मी जास्त वेळ घालवतो.

पुढे-मागे कुठे बसवायची ते तरफेचं गणित आहे. घोट्यापासून पेडलाच्या आसापर्यंत आडवं अंतर १२ सेंटिमीटर आणि दाब ५०० न्यूटन धरा. घोटा दुमडू नये म्हणून पोटरीला ६० न्यूटन-मीटरचं बल-आघूर्ण (फिरवू पाहणारा जोर) सांभाळावं लागतं. क्लीट एक सेंटिमीटर टाचेकडे सरकवली की तेच ५५ होतं. पोटरीवरचा भार आठ टक्क्यांनी उतरतो, तोही प्रत्येक फेरीत. अंगठ्यामागच्या उंचवट्याच्या बरोबर खाली आस यावा, ही जुनी शिकवण सुरुवातीला ठीक आहे. लांब पल्ल्याचे स्वार तिथून थोडे मागे सरकतात. तळव्याला जळजळ होत असेल तर तेही करून पाहावं, पण एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच.

आता फ्लोट. क्लीट न सुटता टाच डावी-उजवीकडे जितकी हलू शकते, तो फ्लोट. गुडघा सरळ होताना नडगीचं हाड किंचित फिरतं. पाऊल पेडलात ठोकून बसवलेलं असेल तर ती फिरत खालून अडते आणि पिळाचा ताण गुडघ्यावर जातो. रंगावरून फ्लोट ओळखता येतो, पण जरा जपून. शिमानोच्या एसपीडी-एसएल क्लीटमध्ये लाल म्हणजे शून्य, निळा २ अंश, पिवळा ६. लूकच्या केओमध्ये काळा शून्य, करडा ४.५ आणि लाल चक्क ९. एकाचा लाल घट्ट, दुसऱ्याचा लाल सगळ्यांत मोकळा! दोन्ही कंपन्यांच्या क्लीट एकाच तीन छिद्रांच्या बुटावर बसतात, पण एकमेकींच्या पेडलात अडकत नाहीत, हेही खरेदीआधी लक्षात ठेवा. नवख्याने पिवळा किंवा करडा घ्यावा. शून्य फ्लोट लागतोच असं ज्याला वाटतं, त्याला ते बहुधा स्वतःच कळलेलं असतं.

दोन बोल्टची छोटी धातूची क्लीट बुटाच्या तळात खोल बसते, त्यामुळे चालता येतं, आणि अशी बरीच पेडलं दोन्ही बाजूंनी अडकतात. तीन बोल्टची प्लास्टिकची क्लीट रुंद असते आणि दाब पसरवते, पण बाहेर आलेली असल्याने चालताना बदकासारखी चाल होते. रोज सिग्नलला थांबणाऱ्याला मी पहिलीच सुचवेन, भले ती शर्यतीची दिसत नसो. कुठलीही घ्या, स्प्रिंगचा स्क्रू सुरुवातीला सगळ्यांत सैल ठेवा आणि भिंतीला धरून वीस-तीस वेळा टाच बाहेर फेका.

सायकल शर्यतींच्या गोल ट्रॅकवर मात्र हे सगळं उलटं होतं. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नाही, पाय थांबवले तरी चाक मोकळं फिरू देणारं फ्रीव्हीलही नाही. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. पुढे ५० दाते आणि मागे १४ असतील तर एका फेरीत सायकल सुमारे साडेसात मीटर जाते. ताशी ६० किलोमीटरला ह्याचा हिशेब मिनिटाला १३३ फेऱ्या होतो. ह्या गतीत पाय सुटला तर पेडल थांबत नाही, ते फिरत राहतं आणि पुढच्याच फेरीत नडगीवर आदळू शकतं. शिवाय उभ्या जागेवरून सुटताना स्प्रिंटर अंगातली सगळी ताकद लावतो, मागचा पायही खरोखर वर ओढतो. रस्त्यावर महाग पडणारी ती ओढ इथे काही सेकंदांपुरती परवडते. आणि सुटायची घाई कुठे आहे? निघताना सायकल कुणीतरी किंवा यंत्राने धरलेली असते, थांबताना कठड्याचा आधार असतो. म्हणून शून्य फ्लोट, आवळलेली स्प्रिंग, आणि कित्येक जण क्लीट असूनही वरून पट्टाही बांधतात. जपानच्या पारंपरिक व्यावसायिक केइरिन ह्या ट्रॅक-शर्यतींमध्ये तर आजही टो-क्लिप आणि पट्टाच चालतो.

एक काम मात्र रस्ता काय, ट्रॅक काय, दोन्हीकडे सारखंच. प्लास्टिकची क्लीट झिजते आणि झिजलेली क्लीट आपण न सांगता सुटू लागते. माझी डावी आधी जाते, कारण थांबताना मी डावाच पाय खाली टेकतो. नवी बसवण्याआधी जुनीभोवती बुटाच्या तळावर मार्करने कड आखून घ्या, मगच बोल्ट सैल करा. मी एकदा आखायला विसरलो आणि ती जुनी जागा पुन्हा सापडायला तीन आठवडे गेले.