उद्याची थंडी आजच्या ढगांत

दर हिवाळ्यात एक बातमी ठरलेली असते: पुणे महाबळेश्वरपेक्षा गारठलं. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आणि त्याच पहाटे महाबळेश्वर बारा-तेरावर, असंही घडतं. वाचणाऱ्याला मोजणीतच गफलत वाटते. उंचीवर गेलं की दर किलोमीटरला साधारण 6.5 अंशांनी तापमान उतरतं, असं आपण शाळेत शिकलो. महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटरवर, निफाड त्याच्या निम्म्याहून कमी उंचीवर.

तो नियम भर दुपारी बऱ्यापैकी लागू पडतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री मात्र चित्र उलटतं. 15 अंशांवरची जमीन दर चौरस मीटरमागे जवळपास 390 वॉट ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकते. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्यातली बरीच शोषून पुन्हा खाली पाठवतात. पण 8 ते 14 मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात हे वायू फारसं काही शोषत नाहीत. तेवढी ऊर्जा थेट अवकाशात जाते. उत्तरेकडून कोरडे वारे आले की हवेत वाफही कमी, म्हणजे गळती आणखी मोठी. आधी जमीन गार होते, मग तिला टेकलेली हवा. गार हवा जड असल्याने ती उतारावरून घरंगळून खोलगट भागात साचते. गोदाकाठच्या निफाडला ती मुक्काम करते, तर डोंगरमाथ्यावरून खाली निघून जाते. महाबळेश्वरातच वेण्णा तलावाच्या सखल परिसरात दव गोठतं आणि वर गावात तसं काही नसतं, ते यामुळेच. त्या गोठलेल्या दवाला ‘हिमवृष्टी’ म्हणणारे मथळे चुकीचे आहेत. आकाशातून तिथे काहीच पडलेलं नसतं.

आता ढग. ढग पांघरुणासारखे ऊब अडवतात, असं आपण म्हणतो. ते अर्धवट आहे. ढग स्वतःही किरण सोडतो, आणि वायूंना न जमणाऱ्या त्या 8 ते 14 मायक्रॉनच्या पट्ट्यातही सोडतो. किती सोडतो, ते त्याच्या तळाच्या तापमानावर ठरतं. स्टेफान-बोल्ट्झमनच्या नियमाप्रमाणे ही ऊर्जा केल्व्हिनमधल्या तापमानाच्या चौथ्या घातानुसार बदलते. तळ 10 अंशांवर असलेला दाट, खालचा ढग 364 वॉट खाली पाठवतो, जमिनीने गमावलेली बहुतेक ऊर्जा भरून निघते. उणे 40 अंशांवरचा ढग पुरेसा दाट असला तरी 167 वॉटच्या पुढे जात नाही, आणि सिरस या खूप उंचावरच्या पिसासारख्या ढगाचे विरळ तंतू तर त्याहून कितीतरी कमी. म्हणून ‘आकाश ढगाळ’ एवढ्यावर पहाटेचा अंदाज बांधता येत नाही. ढग कोणता, हे पाहायला हवं.

ते जमण्यासारखं आहे. ढगांचे पुंजके दिसले तर हात लांब करून बोटं आडवी धरा. क्षितिजापासून बरंच वर असलेला पुंजका करंगळीआड लपला तर उंचावरचा सिरोक्युम्युलस, तीन बोटांपर्यंत असेल तर मधल्या उंचीचा अल्टोक्युम्युलस, त्याहून मोठा तर खालचा, म्हणून उबदार, स्ट्रॅटोक्युम्युलस. सलग पडदा असेल तर स्वतःची सावली पाहा. सावली पडते आणि सूर्याभोवती खळं आहे, तर तो उंचावरचा सिरोस्ट्रॅटस. सूर्य धुरकट काचेतून दिसावा तसा आणि सावली गायब, तर मधल्या उंचीचा अल्टोस्ट्रॅटस.

उत्तर भारतात पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारी पावसाळी हवेची प्रणाली, आला की आपल्याकडे बऱ्याचदा असे मधले-वरचे ढग पसरतात. ‘किमान तापमानात दोन ते तीन अंशांनी वाढ, त्यानंतर घट’ हा हवामान खात्याचा अंदाज त्यावरच उभा असतो: ढग असेतो ऊब, ते सरले आणि उत्तरेचे वारे सुरू झाले की गारठा. पृथ्वी सूर्यापासून दूर गेल्याने थंडी वाढणार, हा व्हॉट्सअॅपवर फिरणारा मजकूर निखालस खोटा आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते.

द्राक्ष बागायतदाराला दोन्ही बाजूंनी चिंता. ढगाळ, दमट दिवसांत भुरी आणि डाऊनी हे वेलीवरचे रोग. आकाश मोकळं झालं की मणी तडकायची भीती. जिल्ह्याचा अंदाज एकच असला तरी ओढ्याकाठची बाग माळावरच्या बागेपेक्षा जास्त गारठते. पारा सर्वांत खाली जातो तो सूर्योदयाच्या जरा नंतर, कारण कोवळ्या उन्हाची भर तोवर जमिनीच्या गळतीहून कमीच असते. पहाटे शेकोट्या पेटवणाऱ्यांनी आणि विहिरीचं कोमट पाणी ठिबकने सोडणाऱ्यांनी उजाडलं म्हणून लगेच थांबू नये.