गरम झाली की बंद, थंड झाली की चालू

साखरप्याकडून आंबा घाट चढताना जुनी पेट्रोल गाडी मध्येच बंद पडते. बॉनेट उघडून वीसेक मिनिटं थांबलं की पहिल्या स्टार्टरला सुरू होते आणि कोल्हापूरपर्यंत विनातक्रार येते. दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात मेस्त्रीकडे नेली, तर तासभर चालू ठेवूनही बंद पडायचं नाव घेत नाही. मग अंदाजाने प्लग बदलतात, फिल्टर बदलतो, कॉइल बदलते, टाकीतला पंपही बदलतो. पैसे संपतात आणि पुढच्या घाटात गाडी पुन्हा उभी राहते.

असा दोष उद्भवायला एखादी अट लागते. उष्णता, हादरा, ओल, टाकीत कमी पेट्रोल, असं काहीतरी. गॅरेजपर्यंत पोचेतो ती अट निघून गेलेली असते आणि तिच्याबरोबर पुरावाही. म्हणून माझं ठाम मत आहे की आधी अट शोधावी, भाग नंतर बदलावा. किती किलोमीटर झाल्यावर बंद पडली, चढ होता की खड्डा, पाऊस होता का, टाकी किती भरलेली होती, किती वेळाने सुरू झाली, हे मालकाने एका कागदावर लिहून आणलं तर मेस्त्रीचं निम्मं काम झालं म्हणून समजा.

त्यातही सगळ्यात मोलाचा असतो तो बंद पडतानाचा क्षण. ठिणगी गेली तर इंजिन गपकन थांबतं. पेट्रोल कमी पडलं तर आधी झटके बसतात, ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढत नाही आणि मग थांबते. डॅशबोर्डवर आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा काटा असेल तर तिकडे लक्ष ठेवावं. गाडी गिअरमध्ये असून चाकं फिरत असतील तर इंजिनही फिरतच असतं. तरीही काटा एकदम शून्यावर आला तर काट्याला मिळणारा विजेचा संकेतच तुटलेला असतो, आणि संशय इग्निशन, सेन्सर किंवा वायरिंगवर जातो. काटा गाडीच्या वेगाबरोबर सावकाश उतरला तर संशय पेट्रोलवर. सगळ्या गाड्यांना हे तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा मिळते.

एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांत उष्णतेच्या तक्रारीमागे बऱ्याचदा क्रँकशाफ्ट सेन्सर निघतो. इंजिनाचा मुख्य दांडा फिरतोय की नाही ते हा सेन्सर संगणकाला कळवतो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये लोहचुंबकाभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. समोरून लोखंडी दातेरी चाक फिरतं, प्रत्येक दात्यागणिक चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि तारेत व्होल्टेज तयार होतं. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. कित्येक गाड्यांत या चाकावर ६० दात्यांची जागा असते, पण २ दाते मुद्दाम वगळलेले असतात. ती फट समोर आली की गाडीच्या संगणकाला पिस्टन नेमका कुठे आहे ते कळतं. हा संकेत थांबला की संगणकाच्या हिशेबी इंजिन थांबलेलं असतं, आणि तो पेट्रोल व ठिणगी दोन्ही तोडतो.

सेन्सर बसवलेला असतो इंजिनाच्या अंगालाच. वर्षानुवर्षं तो तापतो आणि निवतो. तांबं आणि त्याभोवतीचं प्लास्टिक सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे तार ओढली जाऊन कुठेतरी तुटते. थंड असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकलेली असतात, तापल्यावर दूर सरकतात, निवल्यावर पुन्हा टेकतात. शिवाय इंजिन बंद केलं की त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याचं फिरणं थांबतं आणि बॉनेटखालचा उष्मा काही मिनिटं उलट वाढतो. चहाला थांबून परत आल्यावर सुरू न होणारी गाडी बरेचदा याच दुखण्याची असते.

तपासणी मल्टीमीटरने होते, पण आकडा वाचायला यायला हवा. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. थंड असताना ८०० ओहम दाखवणारा सेन्सर ७५ अंशांनी तापला की १०३० ओहमच्या आसपास जाणार. ही वाढ निकोप आहे, ती पाहून सेन्सर फेकू नये. मात्र हेअर ड्रायरची गरम हवा देताना आकडा उड्या मारू लागला किंवा मीटरने सर्किट तुटल्याचं दाखवलं, तर चोर सापडला. तीन तारांचा हॉल सेन्सर (गुंडाळीऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप असलेला) असेल तर ही ओहमची चाचणी उपयोगाची नाही, तिथे संकेतच तपासावा लागतो. गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर सगळी भिस्त ठेवू नये. भारतात चारचाकींना ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याच्या सोयीची सक्ती २०१० पासून आली, त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांत प्रमाणित सॉकेटच नाही. आणि वीजपुरवठा तुटल्याने संगणकच बंद पडला असेल तर तो कोड नोंदवणार तरी कसा?

दुसरा मोठा गट सांध्यांचा. पंपाच्या रिलेमधला (पंपाला वीज जोडणाऱ्या स्विचमधला) तडा गेलेला झाळ, गंजलेली अर्थची तार, सैल टर्मिनल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात राहिलेल्या गाड्यांची सॉकेटं उघडली की पितळी पिनांवर हिरवट पूड दिसते. गाडी धुऊन, वाळवून चालू झाली तरी ही पूड आतून आपलं काम करत राहते. इथे एक चाचणी नेहमी फसवते. पंपाचं सॉकेट काढून मीटर लावला की बारा व्होल्ट दिसतात आणि वायरिंग चांगलं असल्याचा निकाल लागतो. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे एका धाग्यावर टिकलेली वायरही त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवते. पंप ५ अँपिअर ओढत असेल आणि सांध्यात अर्धा ओहम रोध असेल तर २.५ व्होल्ट त्या सांध्यातच खर्ची पडतात. पंपाच्या वाट्याला साडेनऊ येतात, दाब पडतो आणि चढावर इंजिन उपाशी राहतं. म्हणून मोजणी पंप चालू असतानाच, सांध्याच्या दोन्ही बाजूंना मीटर लावून करायची.

कार्बोरेटरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा पडद्याचा पंप इंजिनावर असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढल्यामुळे नळीतला दाब कमी होतो, आणि कमी दाबाखाली द्रव लवकर उकळतो. पेट्रोलमध्ये शेकडो घटक असतात, त्यातले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. नळीत वाफ भरली की पंपाचा पडदा नुसती वाफ दाबत राहतो. एमपीएफआयमध्ये टाकीतला पंप पेट्रोल साधारण ३ बार दाबाने पुढे ढकलतो, तिथे ही अडचण क्वचितच येते. आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे, आणि ते आपल्याच उसाच्या मळीतून नि रसातून आलेलं. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, त्यामुळे ते मिसळल्यावर वाफ कमी व्हावी असं वाटतं. प्रत्यक्षात पेट्रोलमध्ये पसरल्यावर इथेनॉलच्या रेणूंची आपापसातली घट्ट पकड सुटते आणि मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो, म्हणजे वाफ लवकर होते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजनही असतो. शुद्ध पेट्रोलसाठी लावलेला जुना कार्बोरेटर तेवढी दुरुस्ती आपोआप करू शकत नाही, म्हणून इंजिनात जाणारं हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने खराब होतात, तो भाग निराळाच. घाटात पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवल्यावर गाडी सुरू झाली तर व्हेपर लॉक, म्हणजे नळीत वाफ अडकल्याचं धरून चालावं. टाकीचं झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर टाकीचं हवाछिद्र बुजलेलं आहे. ते साफ करायला काहीच खर्च येत नाही.

किल्लीचा स्विच मात्र फार उशिरा आठवतो. २०१४ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे २६ लाख गाड्या स्विचच्या दोषासाठी परत बोलावल्या. स्विचमधली किल्लीला जागेवर धरणारी स्प्रिंग कमजोर होती. जड जुडगा किंवा खड्ड्याचा धक्का पुरेसा होता, चालत्या गाडीत किल्ली मागे सरकून इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही निकामी व्हायच्या. कंपनीच्या भरपाई योजनेने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. दोष कित्येक वर्षं उघडकीला आला नाही, त्याचं एक कारण म्हणजे मधल्या काळात स्विच गुपचूप सुधारला गेला, पण त्याचा पार्ट नंबर बदललाच नाही. जॉर्जियातल्या एका खटल्यासाठी जुना आणि नवा स्विच शेजारी ठेवून उघडला, तेव्हा आतल्या खुंटीची लांबी वेगळी निघाली. जुन्या गाडीत बंद पडण्याचा संबंध खड्ड्यांशी दिसला तर जुडगा काढून एकच किल्ली लावून बघा, आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून किल्ली हलकेच हलवा.

चालत्या गाडीत इंजिन गेलं तर ब्रेकच्या बूस्टरमध्ये एकदोन दाबांपुरती निर्वात पोकळी शिल्लक असते. ब्रेक पंप करू नये, एकदाच दाबून धरावा. पॉवर स्टिअरिंग जड होतं, पण वळतं. किल्ली पूर्ण मागे फिरवू नये, स्टिअरिंग लॉक होईल.

भाग बदलल्यावर मेस्त्रीकडून जुना भाग मागून घ्या. तो हेअर ड्रायरने तापवून मीटरवर दोष पुन्हा दिसला तर निदान पक्कं. दिसला नाही तर त्याच घाटात, तेवढ्याच लोकांना घेऊन, दुपारच्याच वेळी गाडी पुन्हा चालवून बघायला हवी, आणि शेजारी मल्टीमीटर घेऊन कुणीतरी बसलेलं हवं.