ऑनलाइन चर्चा आधी लेखी होती

वर्गातली चर्चा बरी की ऑनलाइन, हा वाद आपल्याकडे पेटला २०२० साली. शाळा-कॉलेजं बंद, तास झूमवर, आणि पहिली पाच मिनिटं ‘सर, आवाज येत नाहीये’मध्ये जायची. तेव्हापासून ऑनलाइन चर्चा म्हणजे व्हिडिओ कॉल हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं. मुळात मात्र ती लेखी होती.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ ही संगणकावरून शिकवण्याची व्यवस्था १९६०पासून होती. तिच्यातल्या चुका एका सामायिक फायलीत नोंदवायच्या. पण तिथे कुणीही कुणाचंही लिहिलेलं बदलू शकायचं. १९७३ साली डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या पोराने ‘नोट्स’ ही सोय तयार केली. लिहिणाऱ्याची ओळख आणि तारीख आपोआप नोंदली जाऊ लागली, उत्तरं ज्या त्या नोंदीखाली लागू लागली. सोय होती तक्रारींसाठी, पण नारिंगी अक्षरांच्या त्या पडद्यावर लोक लवकरच वाटेल त्या विषयावर बोलायला लागले.

तुलना रीतसर झाली ती १९८०च्या दशकात. न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत रॉक्सॅन हिल्ट्झ यांनी तेच विषय वर्गातही शिकवून पाहिले आणि संगणकावरच्या लेखी चर्चेतूनही. गुणांत सरसकट फरक पडला नाही. पडला तो विद्यार्थ्यागणिक. स्वतःहून अभ्यासाला बसणारे संगणकावर खुलले, ढकलावं लागणारे मागे राहिले. लॉकडाउनमध्ये पालकांनी हाच शोध नव्याने लावला!

वर्गाचीही एक जुनी दुखरी बाजू आहे. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबलं, तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही तोंड उघडतात. लेखी चर्चेत हा वेळ आपसूक मिळत होता. व्हिडिओ तासाने तोही काढून घेतला, आणि समोरच्याचा चेहरा वाचायची सोयही. माझ्या मते २०२०मध्ये आपण तुलना केली ती ऑनलाइनच्या सगळ्यात कच्च्या रूपाशी.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९चं. दूरशिक्षण देणाऱ्या या विद्यापीठानेही अभ्यासकेंद्रांवरची समोरासमोरची संपर्कसत्रं ठेवलीच होती. २०२१मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र पद्धतीच्या मसुद्यात ४० टक्क्यांपर्यंत शिक्षण ऑनलाइन देण्याची कल्पना मांडली, आणि वाद ‘हे की ते’वरून ‘कशाचं किती’वर आला.