नावेचं इंजिन दम धरत नाही तेव्हा : टू-स्ट्रोक आउटबोर्ड (नावेच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"इंजिन दमच धरस नही, भाऊ. रिंगा टाकी द्या." आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक इंजिनांची कहाणी या दोन वाक्यांनी सुरू होते. रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, टाकणं अवघड नाही, आणि तेवढ्यानं इंजिन चालूही होतं. पण त्या का झिजल्या हे न पाहता टाकल्या, तर काही आठवड्यांत तेच इंजिन पुन्हा आमच्या टेबलावर असतं आणि या वेळी पिस्टनही गेलेला असतो.

सुरुवातीच्या काळात ही चूक आमच्याच हातून झाली. वरच्या सिलिंडरचा पिस्टन ओरखडलेला होता. आम्ही पिस्टन आणि रिंगा बदलल्या, पाण्याचा पंप मात्र उघडला नाही. ती नाव सारंगखेडा बंधाऱ्याच्या फुगवट्यात, भर पाण्यात बंद पडली. तेव्हापासून आमचा नियम एकच आहे : कारण सापडल्याशिवाय नवा पार्ट बसवायचा नाही. नवापूरकडे उकाईच्या फुगवट्यात जाळं टाकणाऱ्याचा त्या दिवसाचा रोजगार इंजिनावर असतो. अक्कलकुवा-धडगावच्या नर्मदेकाठी तर कित्येक पाड्यांना नाव हाच रस्ता आहे. आजारी माणूसही तिच्यातूनच न्यावा लागतो. म्हणून आम्हाला घाई करता येत नाही.

आणण्याआधी काठावर काय पाहाल

इंजिनामागून पडणारी पाण्याची धार रोज बघा. ती बारीक झाली, थांबून थांबून येऊ लागली किंवा हाताला फार गरम लागली, तर इंजिन लगेच बंद करा. आधी पाणी ओढणारी जाळी पाहा. जलपर्णीच्या मुळ्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या तिथेच अडकतात. जाळी साफ असूनही धार नीट नसेल, तर बहुधा पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चक्र) गेलेला असतो. पावसाळ्यात तापीला गढूळ पाणी येतं, त्यातली बारीक वाळू इम्पेलरच्या पाकळ्या खाते. आमच्या मते तो वर्षाला एकदा बदलावाच. अख्ख्या इंजिनाच्या मानानं त्याची किंमत काहीच नाही.

दोन्ही सिलिंडरचे प्लग (ठिणगी पाडणारे) काढून शेजारी ठेवा. तपकिरी रंग असला तर ठीक. एक पांढराफटक असेल, तर त्या सिलिंडरला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळते आहे. एक काळा, ओला असेल, तर तिथे जाळ नीट लागत नाही. प्लगच्या टोकाला अॅल्युमिनियमचे बारीक मणी चिकटलेले दिसले, तर दोरी पुन्हा ओढूही नका. तो तुमचा पिस्टन वितळून तिथे आला आहे.

आम्ही काय तपासतो

पहिलं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, गेजचा काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढतो. चांगल्या इंजिनात साधारण चौरस इंचाला १०० ते १३० पाउंड येतात. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. आम्ही जास्त लक्ष देतो ते दोन सिलिंडरमधल्या फरकाकडे. तो १० टक्क्यांच्या वर गेला तर आत काहीतरी बिघडलं आहे. मग कमी सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतो. आकडा चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा). जागचा हलला नाही, तर हेड गॅसकेट किंवा पिस्टनला पडलेलं भोक.

पण कॉम्प्रेशन चांगलं म्हणजे इंजिन चांगलं, असं टू-स्ट्रोकमध्ये म्हणता येत नाही. यात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनखाली, क्रँककेसमध्ये दाबलं जातं आणि मग वर जातं. क्रँकचं (पिस्टनखालच्या फिरत्या दांड्याचं) ऑइल सील कडक होऊन फाटलं की तिथून जास्तीची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापून बोअरला धरतो. हे गेजवर दिसत नाही. त्यासाठी क्रँककेसमध्ये हवेचा दाब भरून तो टिकतो का पाहावं लागतं. रीड वाल्व्हची (मिश्रण आत घेऊन मागे जाऊ न देणाऱ्या झडपेची) पाती तुटली किंवा नीट बसत नसतील, तरी इंजिन ओढत नाही आणि कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल मागे थुंकतं.

यानंतर आम्ही एक्झॉस्टचं कव्हर उघडून पिस्टनची बाजू डोळ्यांनी पाहतो. पिस्टनभोवती चार जागी घासल्याच्या खुणा असतील तर इंजिन गरम झालं होतं. कार्बोरेटरच्या बाजूला बारीक ओरखडे असतील तर वाळू-कचरा आत गेला. बेअरिंगवर गंज असेल तर पाणी.

हे पाणी पुष्कळदा टाकीतून येतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकी अर्धी भरून महिनाभर ठेवली की इथेनॉल आणि पाणी तळाला वेगळे होऊन बसतात आणि ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. इंजिनाची नळी तर तळातून ओढते. म्हणजे ऑइल मोजून टाकूनही इंजिन ऑइलविना चालतं. म्हणून लागेल तेवढंच पेट्रोल मिसळा, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना कॅन उन्हात ठेवू नका.

बांधणी

बोअर आम्ही वर, मध्ये, खाली अशा तीन जागी आणि प्रत्येक जागी आडवा-उभा मोजतो. मर्यादेत असेल तर फक्त होनिंग, म्हणजे आतून हलकं घासणं. अंडाकार झाला असेल तर पुढच्या मापाला बोअर करून ०.२५ किंवा ०.५० मिमीनं मोठा (ओव्हरसाइज) पिस्टन. बोअर केल्यावर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडांना धार राहते, ती घासून मोडावीच लागते. नाहीतर नवी रिंग त्या कडेला अडकून पहिल्याच फेरीत तुटते. हे काम दिसत नाही, म्हणून घाईत सुटतं. रिंग आधी मोकळ्या बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजनं मोजतो, आणि पिस्टनवर चढवताना टोकं खाचेतल्या पिनवर आणतो. गजन पिनच्या (पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) लॉक-क्लिपा आणि क्रँकचे ऑइल सील जुने दिसायला कितीही चांगले असले तरी नवेच. पाण्याचा पंपही उघडतोच. कनेक्टिंग रॉड बाजूला किंचित हलला तर चालतो. वर-खाली हलला तर क्रँकचं काम निघालं.

इंजिन उघडल्यावर खर्च सांगतो आणि तुमच्या होकारानंतरच पुढे जातो. जुने पार्ट परत मिळतात. क्रँककेस फुटली असेल तर बांधणी करू नका असं स्पष्ट सांगू, कारण तिचे दोन भाग जोडीनंच तासलेले असतात; दुसऱ्या इंजिनाचा अर्धा भाग लावून चालत नाही.

घरी नेल्यावर

पहिले १० तास लिटरला ४० मिलि ऑइल, मग २० मिलि. इंजिनाच्या पुस्तकात वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा. ऑइल टीसी-डब्ल्यू३ चंच (पाण्यानं थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचं) घ्या. मोटरसायकलचं टू-टी ऑइल वापरू नका. पहिला तासभर थ्रॉटल पूर्ण उघडू नका, एकाच वेगातही ठेवू नका, कमी-जास्त करत चालवा. १० तास झाले की घेऊन या, कॉम्प्रेशन पुन्हा मोजून देतो.

इंजिन आणताना टाकी, रबरी नळी आणि वापरात असलेल्या ऑइलची बाटली सोबत आणा. आणि इंजिन पाण्यात पडलं असेल तर वर काढून उन्हात वाळवू नका, हवा लागताच बेअरिंगला गंज चढू लागतो. त्याच दिवशी आणता येत नसेल, तर स्वच्छ पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवा आणि तसंच पिंपासकट आणा.