चोंदलेलं नाक आणि सुटलेलं दूध

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपमुळे लहान मुलं दगावली. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारं रसायन सापडलं. बरीच मुलं उपचारासाठी नागपूरला आणलेली होती, त्यामुळे विदर्भाला तरी ही बातमी लांबची वाटली नाही. चर्चा भेसळीवर झाली, व्हायलाच हवी होती. पण सिरप अगदी शुद्ध असतं तरी तान्ह्या बाळाच्या सर्दीवर त्याचा उपयोग काय, हा प्रश्न बाजूलाच राहिला. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याच सुमारास पुन्हा बजावलं की 2 वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत, आणि 5 वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत.

मग तीन महिन्यांचं बाळ नाकातून घुरघुरतंय, छातीशी घेतलं की दोन घोट घेऊन रडत तोंड फिरवतंय, अशा वेळी करायचं काय? घरात उत्तरं तयार असतात. भूक मेली. आईने दही खाल्लं. दुधाने कफ होतो, तेव्हा दूधच बंद ठेवा. काहीच पटलं नाही तर मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढा. दृष्ट काढल्याने बिघडत काहीच नाही, दूध बंद केल्याने मात्र बिघडतं. बाळाला भूक असते, म्हणूनच ते दोन घोट घेतं. अडचण नाकाची आहे.

दूध पिताना बाळ ओठांनी स्तनाग्र किंवा बाटलीचं निपल घट्ट धरतं आणि जीभ खाली ओढून तोंडात पोकळी तयार करतं. या ओढीने दूध येतं. साधारण सेकंदाला एक चोख, प्रत्येक एक-दोन चोखांनंतर एक घोट, आणि दोन घोटांच्या फटीत श्वास. गिळतानाच्या क्षणी श्वास थांबतो, कारण हवेची आणि दुधाची वाट घशात एकमेकींना छेदते. बाळं पिता पिता एकाच वेळी श्वासही घेतात, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं, ते चूक आहे. तान्ह्याचं स्वरयंत्र मोठ्यांपेक्षा बरंच वर असतं, त्याचं झाकण मऊ टाळूला जवळपास टेकतं. त्यामुळे नाक ते फुप्फुस हा मार्ग सरळ राहतो आणि घोटाघोटांमधल्या चिमुकल्या फटीत श्वास उरकतो. पण हे सगळं नाक मोकळं असेल तरच.

नाक चोंदलं की बाळाला तोंड उघडावं लागतं. तोंड उघडलं की पोकळी मोडते आणि दूध थांबतं. श्वास घेऊन पुन्हा तोंड लावायचं, पुन्हा तेच. पाच मिनिटांत ते दमतं, चिडतं, आणि चिडून रडलं की नाक आणखी सुजतं.

आता माझ्या आवडीचा भाग. ज्याँ प्वाझय या फ्रेंच डॉक्टराने 1840 च्या दशकात बारीक नळ्यांतून द्रव कसा वाहतो हे मोजलं. निष्कर्ष असा, की नळीचा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. समजा बाळाच्या नाकातली वाट 4 मिलिमीटर व्यासाची आहे आणि अस्तराला सगळीकडून 1 मिलिमीटर सूज आली. व्यास उरला 2, अडथळा झाला 16 पट. मोठ्या माणसाच्या 8 मिलिमीटरच्या वाटेत तेवढीच सूज आली तर व्यास 6 उरतो आणि अडथळा जेमतेम सव्वातीन पट होतो. म्हणून आपल्याला जी नुसती सर्दी वाटते, ती बाळाला जेवू देत नाही. खरं नाक गोल नळी नसतं आणि जोराच्या श्वासात हवा भोवऱ्यांनी वाहते, त्यामुळे प्रत्यक्षात चित्र याहून वाईटच असतं.

याच नियमाची दुसरी बाजू आपल्या कामाची. 2 मिलिमीटरची वाट 3 झाली, म्हणजे कडेचा अर्धा मिलिमीटर शेंबूड निघाला, तर अडथळा एकदम पाचव्या हिश्श्यावर येतो. नाक लखलखीत साफ करायची गरज नाही, थोडंसं पुरतं. सगळं निघणारही नाही. नाक चोंदण्यात शेंबडाइतकाच, कधी जास्तही, वाटा अस्तरातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांचा असतो आणि रक्तवाहिनी ओढून काढता येत नाही. बाळ आडवं असलं की त्या आणखी भरतात, म्हणून त्याला उभं धरलं की नाक थोडं उघडतं.

औषधाच्या दुकानात सलाइनचे नाकाचे थेंब मिळतात, 0.9 टक्के सोडियम क्लोराइडचे. रक्ताइतकेच खारट असल्याने ते झोंबत नाहीत. लेबल वाचून घ्या, कारण शेजारीच तशाच बाटलीत झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब असतात. ते रक्तवाहिन्या आकसतात, आणि तान्ह्याला त्यांनी गुंगी येऊ शकते, हृदयाचे ठोके मंदावू शकतात. थेंब घरी मीठ कालवून करू नका. चिमटीचा अंदाज चुकतो आणि पाणीही निर्जंतुक राहत नाही.

पाजण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बाळाला मांडीवर उताणं घ्या, मान किंचित मागे. प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब टाका आणि मिनिटभर थांबा. हे थांबणं घाईत राहून जातं, मग कोरडा शेंबूड तसाच चिकटून राहतो. बाळ शिंकलं किंवा गिळलं तरी काम झालं. गिळलेला शेंबूड पोटात गेल्याने नुकसान नाही. कधी दुधाबरोबर चिकट उलटी होऊन तो बाहेर येतो, एवढंच. शेंबूड ओढून काढायचा रबरी फुगा वापरायचा तर आधी बाहेरच दाबा, दाबलेलाच नाकपुडीच्या तोंडाशी टेकवा आणि हळूच सोडा. आत खुपसायचा नाही. दिवसातून तीन-चार वेळा पुरे, जास्त ओढलं तर अस्तर खरचटून उलट सुजतं. वापरून झाला की साबणाच्या पाण्याने आतून धुऊन तोंड खाली करून वाळवा. ओला राहिला तर आत बुरशी धरते. कानातल्या काड्या नाकात नकोत.

तेलाचंही तेच. न्हाऊ घालताना नाकात तेलाचा थेंब टाकून फुंकर मारायची पद्धत अजून आहे. ते तेल फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. कापूर पोटात गेला तर बाळाला झटके येऊ शकतात, त्यामुळे कापराची पुरचुंडी दुपट्यात नको आणि कापूर-मेंथॉलचं मलम 2 वर्षांखाली नको. धुरीने सुजलेलं नाक आणखी सुजतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर चाटवायचाच नाही. त्यातल्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

आता दूध. तीन तासांनी 100 मिलिलिटर पिणाऱ्या बाळाला दीड तासाने 50 द्या. दिवसाचा हिशोब तोच राहतो, एका वेळचे कष्ट निम्मे. बाळ अंगावर पीत असेल तर अर्धवट झोपेत, शांत असताना छातीशी घ्या, डोकं उंच ठेवून. तरीही ओढत नसेल तर दूध हाताने काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. बाळ जवळजवळ बसतं धरा, चमचा खालच्या ओठावर टेकवा, कलता करा आणि त्याला चाटू द्या. घशात ओतू नका, ठसकेल. 5 मिलिलिटरच्या चमच्याने 50 मिलिलिटर म्हणजे दहा चमचे; वीस मिनिटं लागतील असं धरून बसा. स्तन भरलेले राहू नयेत म्हणूनही दूध काढावंच लागतं. पावडरचं दूध जास्त पाणी घालून पातळ करू नका, आणि 6 महिन्यांखाली वरचं पाणीही नको. तान्ह्याची मूत्रपिंडं जादा पाणी झटपट बाहेर टाकू शकत नाहीत, रक्तातलं सोडियम उतरतं आणि बाळाला झटके येऊ शकतात. 6 महिन्यांपुढच्या बाळाला दुधाबरोबर मुगाचं पाणी, पेज, पाण्याचे घोट चालतात.

पुरेसं पोटात जातंय का, हे लंगोटावरून कळतं. एरवी दिवसात सहा-सात लंगोट ओले होतात. जेलवाल्या डायपरमध्ये शू किती झाली ते नीट उमगत नाही, म्हणून आजारपणात कापडी लंगोट बरे. 12 तासांत एकही ओला नाही, किंवा बाळ नेहमीच्या निम्म्याहून कमी पितंय, तर थेट डॉक्टर गाठा.

श्वासही मोजायचा. झबलं वर करा, बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. तान्ह्याचा श्वास मधेच मंद, मधेच जलद असतो. 2 महिन्यांखाली 60 किंवा जास्त, 2 ते 12 महिन्यांत 50 किंवा जास्त, म्हणजे फुप्फुसांपर्यंत गोष्ट गेलेली असू शकते. 60 च्या वर श्वास असताना चमच्यानेही पाजू नका, दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. बरगड्यांखाली खड्डा पडणं, कण्हणं, ओठ निळसर होणं, मधेच श्वास थांबणं, जागं करूनही न उठणं यात रात्र काढायची नसते. 3 महिन्यांखालच्या बाळाला 100.4 फॅरनहाइट ताप आला, तर सर्दी कितीही साधी दिसो, त्याच दिवशी दवाखाना.

सर्दी उतरून छातीत गेली, तर बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी बाळ बरं दिसलं म्हणून मोजणी सोडू नका. फोनवर डॉक्टरांना ‘पीतच नाही’ एवढंच सांगण्यापेक्षा चार आकडे सांगा: कालपासून किती वेळा पाजलं, अंदाजे किती मिलिलिटर गेलं, लंगोट किती ओले झाले, श्वास मिनिटाला किती.