ऑइलमध्ये पाणी आलं? हेड खोलायच्या आधी दाबाचा हिशोब करा

कळंबोली ते उरण पट्ट्यात कुठल्याही गॅरेजवर जा, कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरची डिप स्टिक (ऑइलची पातळी बघायची सळई) बाहेर काढली आणि तिच्यावर दूध घातलेल्या कॉफीसारखं ऑइल दिसलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "हेड गॅसकेट गेलं." मग हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरतं, फेसिंगला (घासून सपाट करायला) जातं, त्याच्याखाली नवीन गॅसकेट, म्हणजे सील, बसतं, गाडी उभी राहून मालकाचा हप्ता चढतो आणि थोड्या दिवसांनी परत तेच कॉफीवालं ऑइल. याचा मला मनापासून राग येतो, कारण गळती कुठे आहे हे बऱ्यापैकी इंजिनच सांगत असतं, आपण विचारत नाही एवढंच.

डिझेल इंजिनात ऑइल आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, अगदी शेजारून फिरतात, मध्ये कुठे पातळ पत्रा, कुठे गॅसकेट, कुठे रबरी रिंग. यातलं काही फाटलं तर कोण कोणाच्या घरात शिरणार? जिथे दाब जास्त तिथून कमीकडे, बस. गरम झालेल्या चालू इंजिनात ऑइलचा दाब साधारण ३ ते ५ बार (बार हे दाबाचं माप) असतो, कूलंटचा रेडिएटरच्या झाकणावर अवलंबून १ बारच्या आसपास, आणि सिलिंडरमध्ये डिझेल पेटतं त्या क्षणी शंभर बारच्या वर. हे तीन आकडे लक्षात ठेवले की निम्मं निदान झालं.

आता ऑइल कूलर, म्हणजे कूलंटने ऑइल थंड करणारा पार्ट, घ्या, माझ्या मते या सगळ्या भानगडीतला सगळ्यात दुर्लक्षित पार्ट. पातळ प्लेटा एकमेकींना जोडलेल्या, आतून ऑइल, बाहेरून कूलंट. एका प्लेटला बारीक चीर गेली की इंजिन चालू असताना ऑइलचा दाब जास्त म्हणून ऑइल कूलंटमध्ये घुसतं, कूलंटच्या टाकीत वर तपकिरी साय जमते, टाकीची लेव्हल उगाच वाढते. मग ड्रायव्हर चावी बंद करतो आणि इथे खरी गंमत आहे: ऑइल पंप थांबला की ऑइलचा दाब काही सेकंदांत शून्यावर, पण कूलंट अजून गरम आहे, झाकण बंद आहे, त्याचा दाब पुढे बराच वेळ टिकतो. म्हणजे त्याच चिरेतून आता पाणी उलट ऑइलकडे यायला लागतं! आणि सगळं थंड झालं तरी टाकी वरच्या उंचीला असते, पाण्याचा १ मीटर उंच स्तंभ म्हणजे ०.१ बार, तेवढ्यावर रात्रभर झिरपायला पुरे. म्हणून दोन्हीकडे मिसळ दिसली तर पहिला संशय कूलरवर.

लायनरचं गणित वेगळं. लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी. वेट लायनरच्या बाहेर पाणी असतं आणि खालच्या ओ-रिंगच्या (गोल रबरी रिंगच्या) पलीकडे चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं, तिथे ऑइल नुसतं पडलेलं असतं, त्याला दाब नसतो. त्यामुळे ओ-रिंग कडक होऊन गेली तर पाणीच ऑइलमध्ये येणार, गाडी चालू असो की बंद, ऑइल कधीच टाकीत जाणार नाही. टाकी स्वच्छ आणि चेंबर पांढरट, तर लायनरकडे बघा, हेडला चीर आहे का तेही बघा. लायनरला भोकंही पडतात. पिस्टनच्या धक्क्याने लायनर थरथरतो, लगतच्या पाण्याचा दाब क्षणभर इतका उतरतो की वाफेचे बुडबुडे तयार होऊन लगेच फुटतात आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा धातू खरवडतो. कूलंटमधली केमिकल्स लायनरवर संरक्षक थर धरतात, नुसतं नळाचं पाणी भरत राहिलं की तो थर जातो.

हेड गॅसकेट जात नाही असं माझं म्हणणं नाही. पण ते सिलिंडरच्या बाजूने गेलं तर मोठ्या दाबाचा गॅस कूलंटमध्ये घुसतो, टाकीत बुडबुडे येतात, थंड इंजिन चालू केल्यावर लगेच होजपाइप कडक होतो. तरी थांबा, कारण ट्रकला एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर असतो आणि तो बहुतेक गाड्यांत याच कूलंटने थंड होतो, त्याचं गॅसकेट गेलं तरी असेच बुडबुडे! ओळखायला ब्लॉक टेस्टचं निळं लिक्विड मिळतं, जळलेल्या गॅसमधल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा रंग बदलतो, कॉम्प्रेसरच्या साध्या हवेने बदलत नाही.

आणि नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस दिसला म्हणून घाबरू नका. १ लिटर डिझेल जळलं की साधारण १ लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरतं. पावसाळ्यात न्हावा शेव्याच्या लाइनीत गाडी तासन्‌तास आयडलवर राहिली तर ऑइल पुरेसं तापतच नाही, ती वाफ झाकणाखाली थंड होऊन फेस धरते. डिप स्टिक स्वच्छ असेल, कूलंट कमी होत नसेल तर एक लांब फेरी मारून परत बघा.

रेडिएटरमध्ये हळद टाकायचा उपाय अजून चालतो, वर बंपरला लिंबू-मिरची. लिंबू-मिरचीने चीर बुजत नाही, आणि हळद किंवा बाटलीतलं "गळती बंद" लिक्विड रेडिएटरच्या बारीक भोकाला तात्पुरतं बसतं पण कूलरच्या अरुंद वाटाही बुजवतं, मग ऑइल जास्त तापतं.

त्यापेक्षा फुकटची टेस्ट करा. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी चालू न करता चेंबरचा नट अगदी हळू सैल करा, सुटं पाणी जड म्हणून तळाला बसलेलं असतं, तेच आधी येईल. नंतर थंड इंजिनच्या रेडिएटरला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच हवा भरा आणि चेंबर उतरवून खालून टॉर्च मारा, थेंब कुठल्या लायनरवरून पडतो ते डोळ्यांनी दिसतं. तोवर गाडी पळवू नका, कूलंटमधल्या ग्लायकॉलपासून ॲसिडं तयार होतात आणि ती बेरिंग खातात.

कूलर बदलला तरी सिस्टिम नीट धुवा, आणि कूलंटचे होजपाइप हाताने दाबून बघा. त्यांचं रबर बहुधा ऑइल सोसणारं नसतं, फुगून मऊ पडलेला पाइप तसाच ठेवला तर तो बोरघाटाच्या चढावर लोड असतानाच फुटेल.